पट्टीचं दुसरं टोक

दुधना नदीच्या वळणावर त्या पहाटे बगळे होते पाच, पाण्याबाहेर डोकं काढलेले खडक सात, आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक. पौष महिना होता. नदीखाली कुणी चूल पेटवलीय की काय, असं धुकं पाण्यावरून वर येत होतं.

पूजेच्या पाण्याला आलेली सिद्धम्मा घागर काखेत धरून जागीच थबकली. त्या माणसाच्या हातात लांब, लवचीक काठी होती. तो ती मागं न्यायचा, पुढं झोकायचा. दोरी हवेत वळसा घ्यायची आणि गळाला बांधलेली पिसाची खोटी माशी पाण्यावर अलगद टेकायची. मासेमारी तिनं दुरून पाहिली होती, पण जाळ्याची. ही तर... बघतच राहावी अशी होती.

मग त्यानं मान वळवली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी.

"अगं बया! लिंगायत असून मासे धरायलाव?"

काठी निसटता निसटता राहिली. "खायला न्हाई," तो घाईनं म्हणाला. "मोजतो आन् सोडतो."

"सोडायचं तर धरायचं कशाला? माशाला काय दुसरा उद्योग न्हाई?"

तो हसला — कानापर्यंत लाल होऊन. "कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मास्तरांनी नाद लावला. कुठल्या नदीत केवढा मासा, ते बघायचं."

"गाव कोणतं?"

"वालूर."

घागर काखेतून किंचित सरकली. वालूरचे पाहुणे कालच सेलूच्या मठात उतरले होते. नवरा मुलगा भीमाशंकर, हैदराबादला उर्दूतून बी.एस्सी. झालेला. आज दुपारी तिलाच बघायला येणार होता. म्हणजे हाच तो! समोर कोण उभी आहे, याचा त्याला मात्र पत्ता नव्हता.

"इकडं कशाला आलाव?" तिनं साळसूदपणे विचारलं.

"पोरगी बघायला."

"तिच्या घरी हे कळलं तर दारातूनच वाटेला लावतील."

"ठाऊक हाय. म्हणून आधीच सांगणार. तिच्या वडलांसमोर."

"न सांगून चालतंय की. मासा थोडाच चुगली करायलाय?"

"जन्मभर खोटं बोलून नदीवर यायचं... मला न्हाई जमायचं."

"आन् मोडलं तर?"

"तर... मोडलं."

एवढ्यात काठीची कमान झाली. त्यानं मासा उथळ पाण्यात आणला, ओल्या हातात धरला, खिशातली लाकडी पट्टी लावली — मासा वळवळला, पट्टी घसरली.

"जरा... टोक धरता का? त्याला लय वेळ बाहेर ठेवता येत न्हाई."

तिच्या घरात आजवर कुणाचा माशाला हात लागला नव्हता. सिद्धम्मानं घागर वाळूवर ठेवली आणि ती पाण्यात उतरली. गारठ्यानं पोटऱ्यांना चावा घेतला. थंड शेपटी तिच्या बोटांना लागली, मग त्याचा अंगठा... लागला, आणि लगेच दूर झाला. दोघं पट्टीवर वाकले. मासा सुटला.

"नाव काय तुमचं?"

"कळंल," म्हणून ती घागर भरून चालू पडली.

दुपारी वडलांच्या, धोंडप्पांच्या ओसरीवर ती पानाचं तबक घेऊन आली. भीमाशंकरनं वर पाहिलं, आणि पुढं केलेला हात तसाच राहिला. आता त्यानं गप्प बसावं, असंच सगळं जुळून आलं होतं. पोरीला ठाऊक होतं आणि ती काही बोलली नव्हती. सिद्धम्माचा जीव टांगणीला लागला. बोलला तर मोडेल. न बोलला, तर... तिलाच नको होता.

"मामा," तो धोंडप्पांना म्हणाला, "एक कबूल करायचंय. मी गळानं मासे धरतो. खात न्हाई, मोजून सोडतो. आज सकाळीबी धरला."

त्याचे वडील ईश्वरअप्पा पांढरेफटक पडले. धोंडप्पांनी पागोटं सारखं केलं. "मग आपलं जमायचं न्हाई, पाव्हणं. आमच्या घरात—"

"अप्पा," सिद्धम्मा म्हणाली, "पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं."

धोंडप्पांनी तिच्या हातांकडं पाहिलं.

"हात लावलास?"

"लावला."

"आन् सोडला?"

"दोघांनी मिळून."

मग धोंडप्पांनी तबकातली सुपारी उचलून ईश्वरअप्पांच्या हातावर ठेवली, आणि भीमाशंकरकडं वळले.

"केवढा व्हता?"

"नऊ इंच, दोन सूत."