पासिंगला अडलेली गाडी

वांगी घेतानासुद्धा मी एकेक वांगं उलटून बघते. देठाखाली कीड असते. मग मोटार घेताना का बघायचं नाही? माझं म्हणणं एवढंच होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणातली गोष्ट. आमचे हे शाळेतून निवृत्त झाले होते आणि शरदनं, आमच्या मुलानं, टॅक्सीचा धंदा करायचं मनात घेतलं होतं. खडेबाजारातल्या मारुतीरावांची जुनी काळी टॅक्सी विकायची होती. तिची पहिली फेरी आम्ही आधीच ठरवून टाकलेली, निपाणीहून वसुधाला बाळंतपणासाठी बेळगावात, शहापूरला आमच्या घरी आणायची. वसुधा माझी लेक. आदल्या खेपेला बसनं माहेरी येताना वंटमुरीच्या घाटात तिला अवेळी कळा लागल्या आणि मूल हाताला लागलं नाही. तेव्हापासून माझे सोमवार चालू होते. ज्या गाडीत तिला बसवायचं, तिची मला खात्री हवी होती.

मारुतीरावांनी टायर दाखवले, इंजिन चालू करून ऐकवलं. मी विचारलं, पासिंग कधी झालंय? टॅक्सी दर साली आर.टी.ओ.च्या साहेबापुढं उभी करावी लागते, साहेब ती चालवून बघतो आणि मग पास करतो, हे मला शरदनंच सांगितलं होतं. मारुतीराव जरा घुटमळले. दोन वर्षं पासिंग नव्हतं. गाडी पडून होती, म्हणाले.

घरी येताना हे मला म्हणाले, तू देवाचं बघ, गाडीचं आम्ही बघतो. मी म्हटलं, देवाचंच तर बघतेय.

ती गाडी पासिंगला नेणारा भरमा मिस्त्री आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. दिवेलागणीला शरदला घेऊन मी त्याच्याकडं गेले. वीज गेली होती. सगळ्या गल्लीतले माग थांबलेले. एरवी त्या खटखटीत आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी चिमणीची वात चरचरताना ऐकू येत होती. भरमानं बसायला पाट दिला. आधी तो हवापाण्याचं बोलला, शरदच्या लग्नाचं विचारून झालं. मी गाडीच्या विषयावर आले तसा तो हातातल्या फडक्याला पीळ घालायला लागला.

“आक्का, गाडीत खोट न्हाय. ब्रेक, स्टेरिंग, समदं मीच केलंतं. साहेबानं गाडी फिरवून आणली, उतरला, आन् माझ्यावरच डाफरला. म्हणला, पोटुशी बाई मागं बसवून ब्रेक दावाय आणतोस व्हय रं? आधी तिला उतरीव.”

“मग?”

“मागं कोण न्हवतं, आक्का...”

पुढच्या साली साहेब नवा होता. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो रागावला नाही. घाम पुसत उतरला आणि हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, बाईंना कळा लागल्यात, पासिंगचं राहू दे, दवाखाना गाठा.

भरमानं मग उरलेलं सांगितलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी गंगव्वा. अडली होती, म्हणून याच टॅक्सीनं तिला बेळगावला आणत होते. वंटमुरीच्या घाटात तिचा जीव गेला. आता पुढं नेऊन काय करायचं, म्हणून गाडी तिथूनच मागं फिरवली.

शरदचा चेहरा उतरला होता. वाटेत तो म्हणाला, आई, दुसरी गाडी बघू. मी विचार केला. गाडी दुसरी घेता येईल, पण वसुधाला आणायचा रस्ता तोच, घाटही तोच. त्या बाईला तशीच अर्ध्यात ठेवून त्याच घाटातून माझ्या लेकीला आणायचं? माझ्या मनाला ते पटेना.

पुढचा सोमवार आला. चालवून बघतो म्हणून मारुतीरावांकडून गाडी मागून घेतली. पुढं शरद आणि भरमा, मागं मी, मांडीवर खण-नारळाचं ताट. दिवस मावळताना घाटात पोचलो. धुकं उतरलं होतं. गाडी जिथून मागं फिरवली ते वळण भरमानं दाखवलं. तिथं शरदनं गाडी थांबवून तोंड बेळगावकडं केलं. मी शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हटलं, “गंगव्वा, चल बाई. राहिलेली वाट पुरी करू.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. इंजिनाची घरघर तेवढी. मग सीटखालची स्प्रिंग करकरली... सावकाश, जपून कोणी टेकावं तशी. गाडीत ओल्या तंबाखूचा उग्र वास भरला. आणि श्वास ऐकू आला. दात आवळून धरलेला, मग तुटक तुटक सोडलेला. तो श्वास मला ओळखीचा होता. माझी दोन बाळंतपणं झालीत.

“आई, मागं बघू का?” शरदनं विचारलं.

“रस्त्याकडं बघ.”

मी सीटवर हात ठेवला. कोणीतरी तो घट्ट धरला. माझ्याच बांगड्या मनगटात रुतत होत्या. तोंडानं शंकराचं नाव चालू होतं आणि दुसऱ्या हातानं मी ताट सावरत होते. बेळगावचे दिवे दिसेपर्यंत ती पकड सुटली नाही.

दवाखान्याच्या दारात मी पलीकडचं दार उघडलं. सीटवर खण, नारळ, तांदूळ ठेवून ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, “पोचलीस बाई. उतर सावकाश.” स्प्रिंग करकरून वर आली. तंबाखूचा वास गेला. भरमानं डोकीची टोपी काढून छातीशी धरली होती.

त्याच आठवड्यात गाडी पासिंगला गेली आणि पास झाली. शरद घरी आला तो मात्र ओसरीवरच बसून राहिला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. साहेबांनी किल्ली परत देताना मागच्या सीटकडं बोट केलं होतं.

“म्हणाले, बाई कुठं गेल्या? तान्हं लेकरू असं सीटवर टाकून जातात का कोणी...”

आईला उतरवून घेताना पोटातल्याचं मला सुचलंच नव्हतं. हे म्हणाले, व्यवहार मोडू. मी म्हटलं, लेकरू रस्त्यात सापडलं असतं तर आपण काय केलं असतं? मांडीवरच घेतलं असतं ना? मग.

गाडी घेतली. निपाणीला गेलो. वसुधाला पुढं शरदशेजारी बसवलं, मी एकटी मागं. ती कुरकुरली, अगं आई, मागं पाय पसरता येतील. मी ऐकलं नाही. मांडी घातली, पदर पसरला. घाट लागला तशी मांडी जड झाली. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखं गार, ओलसर ओझं. मी हळू आवाजात गुणगुणत राहिले. वसुधा हसून म्हणाली, आतापासून सराव चाललाय वाटतं. ती सुखरूप घरी पोचली आणि पौर्णिमेच्या पहाटे बाळंत झाली. मुलगा. महादेवानं माझं ऐकलं.

त्याला आता पाचवं सरून सहावं लागलंय. गाडी अजून आमच्याकडंच आहे. दर श्रावणात एका सोमवारी शरद मला घाटापर्यंत फिरवून आणतो. मी मागं बसते, पदर पसरते. दर साली मांडीला रग जास्त लागायची.

यंदा घाट लागला तरी मांडी हलकीच होती. शेजारी चाचपायला हात नेला, तेवढ्यात पलीकडच्या दाराची काच उतरवायची मूठ फिरताना दिसली. आपली आपण, हळूहळू. काच पुरती खाली गेली तेव्हाच ती थांबली. धुकं आत यायला लागलं. शरदची नजर रस्त्यावर होती.

मी म्हटलं, “हात आत घे, बाळा. वळण आहे.”

थोडा वेळ गेला. मग मूठ उलटी फिरायला लागली.