‘न्हाई’चं बटण

“दोन पानांच्या झेरॉक्स काढायच्यात,” मी म्हणाले.

“मशीन अडकलंय,” तो मान वर न करता म्हणाला. “तोवर गेम खेळा.”

आमची सुरुवात ही अशी. प्रेमात पडायला पाऊस लागतो म्हणतात. विष्णुपुरीच्या रस्त्यावर त्या दिवशी डांबराला चप्पल चिकटत होती, आणि अंगावर थेंब पडलेच असतील तर ते त्या दुकानातल्या कुलरचे.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. पेपर तपासून तपासून सवय अशी लागलीय की समोर काहीही आलं तरी आधी चूक दिसते. मला बघायला आलेल्या मुलांचेही मी असेच मार्क कापले होते. आई म्हणायची, “सिंधे, तुला नवरा नको, तपासायला गठ्ठा पाहिजे.”

तर मी दुकानातल्या कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर बसले. गेम होता कंधारच्या किल्ल्यातल्या लढाईचा. एक तलवारबाज, समोर दरोडेखोर आणि त्यांच्या तावडीतून सोडवायची एक राजकन्या.

“अहो, हा कॅमेरा कुठं चाललाय?”

“कामून? काय झालं?”

“मारामारी इकडं चालू हाय, आणि हा भिंतीमागं जाऊन उभा राहिलाय. मला माझाच माणूस दिसून नाही राहिला!”

तेव्हा त्याने मान वर केली. डोळे... बरे होते. मी पटकन पुन्हा पडद्याकडे वळले.

“हा दरोडेखोर हाय का पाण्याची टाकी? मारून मारून बोटं दुखली, मरतच न्हाई. आणि माणूस उडी मारून हवेतल्या हवेत वळतोय कसा? न्यूटन रजेवर हाय का? आणि ही राजकन्या बघा! मी हिच्यासाठी जीव टाकून राहिले, आणि ही आपली भाल्यापुढं जाऊन आरामात उभी. घरी काही शिकवलं न्हाई का हिला?”

“भोळी हाय ती,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात मी मेले. गेमने मला उचलून थेट किल्ल्याच्या पहिल्या दरवाजात नेऊन ठेवलं, आणि लढाईवर धाडणाऱ्या सरदाराचं सुरुवातीचं लांबलचक भाषण पुन्हा सुरू झालं. बंद करायची काही सोय नव्हती.

“मेल्यावर पार पहिल्यापासून? मधी कुठं चेकपॉइंट न्हाई?”

“न्हाई ठेवला. मेल्यावर माणसाला जरा पस्तावा पाहिजे.”

“ज्यानं कुणी हा गेम केलाय ना, त्याला एकदा माझ्यापुढं आणा.”

“आणलाय की,” तो म्हणाला. “मीच. शिवशंकर. देगलूरचा. दुकान मामाचं हाय, चुका माझ्या.”

मला कुलरसमोर घाम फुटला. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर हा म्हणतो, “थांबा, थांबा. अजून काय काय चुकलंय?” आजवर माझ्या तोंडून चुका ऐकणारी माणसं दार शोधायची. याने स्टूल पुढे ओढलं. मला तो तिथेच आवडला. खोटं कशाला बोलू?

मग मला सारख्या झेरॉक्स लागायला लागल्या. तो एक चूक दुरुस्त करायचा, मी दुसरी काढायची. कॅमेरा भिंतीमागून बाहेर आला. दरोडेखोर माणसांसारखे मरायला लागले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंही नाही. एके दिवशी बघते तर राजकन्येच्या हातात तलवार, आणि ती तलवारबाजावरच खेकसतेय — “कॅमेरा कुठं चाललाय?”

“हे माझं वाक्य हाय!”

“तुझ्यासारखीच केलीय तिला,” तो माऊसकडे बघत म्हणाला. “आता कुणाचंच ऐकून नाही राहिली.”

मी लाजले, आणि लाज लपवायला लगेच नवी चूक काढली.

“हा सरदार विचारतो, ‘लढशील का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. ‘नाही’ दाबलं की पुन्हा तेच विचारतो. हे विचारणं हाय का जबरदस्ती? नाही म्हणलं तर नाही झालं पाहिजे! आणि ‘होय’ कोण म्हणतं आपल्याकडं? सरळ ‘हाव’ लिही. ‘हाव’ आणि ‘न्हाई’.”

त्याने लिहिलं, आणि गेम पुण्याच्या एका कंपनीला पाठवला. तिथून फोन आला. गेम फार आवडला होता, नोकरीही द्यायची होती. फक्त एक शंका होती. ‘लढशील का’ विचारल्यावर ‘हाव’ दाबायचं, म्हणजे तुमचा नायक लोभी आहे का?

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला समजलं, नोकरी म्हणजे पुणे. सोमवारी त्याला निघायचं होतं. जगाच्या चुका ठणकावून सांगणारी मी, पण ‘तू मला आवडतोस’ एवढं काही तोंडातून निघेना. तोही आपला मशीनच्या झाकणाची उघडझाप करत बसला. त्याच्याविना हा रस्ता कसा दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी दुपारी त्याने बोलावलं. “एक नवीन भाग केलाय. तेवढा तपासून दे.”

पडद्यावर तलवारबाज तलवार खाली ठेवून राजकन्येसमोर उभा होता. खाली अक्षरं उमटली — ‘सिंधु, माझ्यासंगं संसार करशील का?’

दोन बटणं. ‘हाव’. ‘न्हाई’.

आता माझी सवय! नवं काही समोर आलं की मी आधी चुकीचं बटण दाबून बघते. ‘न्हाई’ खरंच चालतंय का?

चाललं. तलवारबाज म्हणाला, “बरं. सुखी राहा.” तलवार उचलून तो किल्ल्याबाहेर गेला आणि पडदा काळा झाला. मी वळून पाहिलं. शिवशंकरचं तोंडही तसंच झालं होतं.

“अरे, मी तपासून राहिले होते!”

“तूच म्हणली होतीस, नाही म्हणलं तर नाही झालं पाहिजे.”

“मग मागं ने ना! चेकपॉइंट कुठंय?”

“न्हाई ठेवला,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दोनदा विचारणं म्हणजे जबरदस्ती...”

माझीच शिकवण माझ्याच गळ्यात! बिनचेकपॉइंटच्या गेममध्ये मेलेल्या माणसाला एकच वाट असते. मी उठले आणि तडक दुकानाबाहेर उन्हात गेले.

“सिंधु —” मागून त्याचा आवाज आला.

मी वळले. ओढणी सारखी केली. पुन्हा पायरी चढले.

“दोन पानांच्या झेरॉक्स काढायच्यात.”

तो बघतच राहिला. मग त्याचे कान लाल झाले.

“मशीन... मशीन अडकलंय. तोवर गेम खेळा.”

“गेम नको. मधलं भाषण गाळा, आणि शेवटचं तेवढं विचारा.”

“माझ्यासंगं... संसार करशील — कराल का?”

“हाव,” मी म्हणाले. “पण उद्या निघायच्या आधी घरी येऊन आईला भेट.”

तो हसला. हसताना डोळे भरले होते त्याचे, आणि माझेही.

“पुण्यातले विचारतील,” तो म्हणाला, “ही हाव म्हणजे होकार, का लोभ?”

“दोन्ही,” मी म्हणाले.