सोडताना म्हणायचं शून्य

माझा लंबक पहिल्यांदा हलला, तो थेट शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या कोपरावर जाऊन आदळला.

"इतका लांब ओढायचा नसतो," तो कोपर चोळत म्हणाला. "ओळखीआधीच मारामारी?"

"सॉरी... लागलं का?"

"लागलं. पण तक्रार नाही."

असला आगाऊ! उंच इतका, की सगळे त्याला लंबूच म्हणायचे. तो इमारतींचे नकाशे काढायला शिकत होता, मी फिजिओथेरपी. पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र मात्र सगळ्यांच्याच बोकांडी. गेल्या वर्षी मी त्यात नापास झाले होते. यंदाही प्रॅक्टिकल हुकलं, तर कॉलेज सोडून मावशीच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलंच होतं.

प्रयोगशाळेत पंखे बंद. वाऱ्याने दोरा भरकटतो ना! कपाळावर घाम, मुठीत स्टॉपवॉच. गोळा सोडायचा आणि ओठांतल्या ओठांत मोजायचं— एक, दोन, तीन... वीस. वीस फेऱ्यांच्या वेळेवरून पृथ्वीची ओढ काढायची. उत्तर यायला हवं नऊ पॉइंट आठ. माझं रोज अकराच्या घरात.

"तुमच्या टेबलाखाली पृथ्वी जरा जास्तच ओढते वाटतं," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. लंबू हसला नाही.

संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चालू लागलो. त्याची दोन पावलं, माझी तीन.

"पळतेस कशाला?"

"तू उडतोस म्हणून!"

"डॉक्टरीणबाई, पाय म्हणजे कमरेला टांगलेला लंबकच की. तुझा दोरा आखूड, म्हणून भरभर हलतो."

"आखूड कुणाला म्हणतोस रे?"

"दोऱ्याला... दोऱ्याला!"

घरी पोचले तरी ओठांवरचं हसू काही उतरेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच— दहा पॉइंट नऊ. मी जर्नलवर डोकं टेकलं. डोळे भरून आले. लंबू हळूच जवळ आला.

"गोळा सोडताना 'एक' म्हणू नकोस. शून्य म्हण. तेव्हा फेरी सुरू होते, संपलेली नसते. तू वीस म्हणतेस, तेव्हा एकोणीसच झालेल्या असतात."

लहानपणी आई झोका द्यायची, हात सोडला की म्हणायची, एक गं बाई! ती मोजणी अंगात मुरली होती.

"तुला हे कधी कळलं?"

तो दोरा बोटाला गुंडाळत राहिला. "पहिल्याच दिवशी."

"आणि आठवडाभर गप्प बसलास?"

"उत्तर आलं असतं, तर तू पुढच्या प्रयोगाला गेली असतीस... त्या टोकाच्या टेबलावर."

"इथे माझं वर्ष पणाला लागलंय, आणि तुला टेबलाची पडलीये?"

मी बॅग उचलली. त्या संध्याकाळी एकटीच चालले. धाप लागली नाही, पण रस्ता सरता सरेना.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर गोळा सोडला. शून्य... एक... दोन... उत्तर आलं, नऊ पॉइंट आठ!

"छान. याचा तुमच्या शाखेत काय उपयोग?" त्यांनी विचारलं.

शब्द आपोआप आले. "सर, पायही लंबकासारखाच झुलतो. आखूड पाय भरभर, लांब पाय सावकाश. पेशंटला दुसऱ्याच्या चालीने चालवलं तर तो लवकर दमतो."

"आणि कमी-जास्त उंचीच्या दोघांना बरोबर चालायचं असेल तर?"

"दोघांनीही आपली चाल... थोडी थोडी बदलायची, सर."

ते हसले. "या तुम्ही. पास आहात."

बाहेर व्हरांड्याच्या टोकाला लंबू उभा होता. चेहरा असा, जणू परीक्षा त्याचीच होती.

"किती आलं?"

"नऊ पॉइंट आठ."

त्याने कधीचा धरलेला श्वास सोडला. "चुकलो मी. माझ्या सुखासाठी तुला अडवून ठेवलं. राग आहे ना?"

"आहे."

"किती?"

"बसस्टॉपपर्यंत पुरेल इतका."

तो चालू लागला, घट्ट बूट घातल्यासारखी इवली इवली पावलं टाकत. मला हसू फुटलं. मी माझी पावलं जराशी लांबवली.

"मला तू आवडतेस," तो समोर बघतच म्हणाला. "कोपराला लागलं तेव्हापासून..."

मी थांबले. तोही थांबला. मी त्याच्या बोटांत बोटं गुंफली.

"शून्य," मी म्हटलं.

आणि दोघांनी मिळून पाऊल उचललं.