यादी लहान करताना

पेइशुआनने शेवटची मूठ तोंडात टाकली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ते खायचं नसतं!"

तैवानमधल्या शिन्चू शहरातल्या कुठल्याही कंपनीत संगणक-यंत्राच्या डोक्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट कुणी खात नाही. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते असतं. तिला काय हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं... पण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"आता हे रुसलं तर?" शेजारच्या टेबलावरचा जिंगहाओ म्हणाला. गालाला खळी, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने न बघितल्यासारखं केलं.

यंत्र खरंच रुसलं. दुपारभर बंद पडत राहिलं. अख्खा मजला नव्या मुलीकडे बघून हसत होता. फांग साहेब तेवढे हसले नाहीत. बिघाड तिनेच सकाळी प्रोग्रॅममध्ये केलेल्या बदलात आहे, असं ते धरून चालले होते. आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ते आज संध्याकाळी ठरवणार होते.

तिने बिघाड शोधून काढला. तो जिंगहाओने लिहिलेल्या भागात निघाला. ती हळूच खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"काम झालं की तुमचा प्रोग्रॅम माहितीच्या यादीची मेमरीतली जागा कमी करतो ना?"

"हो. मेमरी उगाच कशाला अडवायची?"

"आणि यादी कुठे ठेवलीय त्याचा जुनाच पत्ता धरून बसता."

"वाढवताना यादी हलते, मान्य. लहान करताना कशाला हलेल?"

"हलणार नाही असं वचन दिलंय तिने तुम्हाला?" ती हसली. "लहान करतानाही कधीकधी ती दुसरीकडे राहायला जाते. नवा पत्ता आधी वेगळा घ्यायचा, मिळालाय का बघायचं, मगच जुना सोडायचा. तुम्ही आपले रिकाम्या घराचं दार वाजवताय!"

त्याचे कान लाल झाले. "साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"अहो, नोकरी तुमची जातेय!"

"आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं..." ती त्याच्या गार चहाच्या पेल्यातली नळी उगाच फिरवत राहिली.

तो उठून साहेबांच्या खोलीत गेला. काचेपलीकडे त्याची मान खाली गेलेली दिसली. साहेब बराच वेळ बोलत होते.

तो परत आला. "तुम्ही राहताय. चूक माझी, सांगून आलो."

"मग एवढा वेळ?"

"ते म्हणाले, तिच्यावर ढकलून मोकळा झाला असतास, का नाही झालास? मी म्हटलं... मला ती आवडते."

"साहेबांना सांगितलंत? मला सोडून?"

"तोंडातून निघून गेलं—"

तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना. तिने त्याची खुर्ची स्वतःकडे ओढली.

"बस इथे. आता मला सांग."