तळमजल्यावरची बर्डेट

दुकानात आपल्याकडे कुणी बघत नाही, याची लीटानं दोनदा खात्री करून घेतली. मग ती चटकन वाकली, अगदी खालच्या फळीवरची पिवळ्या लेबलची बाटली उचलली आणि नजरेच्या उंचीवर, भारी बाटल्यांच्या मधोमध नेऊन ठेवली. एक झाली. दुसरी झाली. तिसरीला हात घातला, तर बाटली हलेचना! फळीच्या पलीकडून कुणीतरी तीच बाटली धरून बसलं होतं.

"सोडा की," पलीकडून आवाज आला. "मी आधी धरलीय."

"तुम्ही सोडा. मला ती वर न्यायचीय."

"आणि मला घरी."

बाटल्यांच्या फटीतून दोन करडे डोळे तिच्याकडे बघत होते. हसत होते की काय... छे! लीटानं बाटली सोडली आणि फळीला वळसा घालून ती तरातरा पलीकडे गेली. एक उंच, उन्हानं रापलेला माणूस जमिनीवर चक्क मांडी घालून बसला होता. शेजारी चार-पाच बाटल्या ओळीनं मांडलेल्या. सगळ्या खालच्या फळीवरच्या.

"दुकानात कामाला आहात?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग दुसऱ्यांच्या बाटल्या का हलवताय?"

"दुसऱ्यांच्या नाहीत. वाचता येतं ना? काय लिहिलंय त्याच्यावर?"

"बर्डेट."

"मी लीटा बर्डेट."

तो ताडकन उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्या एका गोष्टीनं लीटाचा निम्मा राग उतरला. उरलेला निम्मा तिनं मुद्दाम धरून ठेवला.

आमोस टॅकेट त्याचं नाव. घर पूर्वेकडच्या डोंगरात. नोकरी लेक्सिंग्टनला स्टँपरबाईंकडे. बाईंची तिथं तीन हॉटेलं होती आणि तिन्हीसाठी बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, निवडायचं काम आमोसचं.

"वरच्या फळीवरची व्हिस्की लोक लेबल बघून घेतात," तो म्हणाला. "मी खाली शोधतो. परवा एक मिळाली पेट्रोल पंपावर, मासे धरायच्या गळाला लावतात त्या किड्यांच्या डब्याशेजारी. काय सांगू, मधासारखी! कुणी ढुंकून बघत नाही बिचारीकडे."

"डोंगरातल्या माणसाला कळते होय चव? तुमच्याकडे तर म्हणे जंगलात चोरून गाळतात."

"आजोबा गाळायचे. आजी त्यांच्यावर ओरडायची. आधी प्यायची, मग ओरडायची."

लीटाला हसू आवरेना. आणि हसता हसता, का कोण जाणे, कुणालाच न सांगितलेली गोष्ट ती या अनोळखी माणसाला सांगून बसली. पुढच्या शुक्रवारी बाटल्या भरणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस कागद घेऊन येणार होता. खप नाही म्हणून वडील सही करणार. गोदामातलं एकूण एक पिंप कंपनीचं होणार, आणि बर्डेटांची बर्बन कुठल्याशा दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या चित्राखाली विकली जाणार. तो म्हातारा कधी जन्मालाच आला नव्हता!

"चार पिढ्यांचं नाव आहे हो आमचं..." ती म्हणाली आणि थांबली.

आमोसनं हातातली बाटली छातीशी धरली. "उद्या आलो तर पिंपातली चाखवाल?"

---

बर्डेटांच्या गोदामाभोवतीची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काळी पडलेली. पिंपातून जी व्हिस्की हवेत उडून जाते, तिच्यावर वाढणारी ती बुरशी. ऑगस्टची दुपार होती. दारातच हॉलिस बर्डेट टोमॅटोचं सँडविच खात उभे होते.

"पोरी, हाच का तो, दुकानात जमिनीवर बसणारा?"

"हो, पपा."

"वरच्या मजल्यावरचं पाहिजे असेल याला. सगळ्यांना तेच पाहिजे असतं."

"नको, सर," आमोस म्हणाला. "तुमची मुलगी चाखवेल ते."

लीटा त्याला तळमजल्यावर घेऊन गेली. आत गारवा होता आणि ओल्या लाकडाचा, व्हॅनिलाचा, जुन्या सफरचंदांचा वास. तिनं एका पिंपाचं बूच काढलं, तांब्याची नळी आत सोडली.

"वर ऊन लागतं, तिथली व्हिस्की चार-पाच वर्षांत तयार होते. भडक, तिखट. इथं खाली मात्र तिला घाई नसते. नऊ वर्षं लागतात. लोक म्हणतात, तळमजला म्हणजे थंड, तिथं काय पिकणार! पणजीनं दारूबंदीच्या काळात तेरा वर्षं आमचं यीस्ट विहिरीत मडक्यात लपवून जगवलं. अजून तेच वापरतो आम्ही. पाणी आमच्याच झऱ्याचं, मका त्या समोरच्या शेतातला." तिनं ग्लास त्याच्या हातात दिला. "आता घ्या. आणि खोटं कौतुक करू नका. मला कळतं लगेच."

आमोसनं घोट घेतला. दुसरा घेतला. त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करताना लीटाच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरलाय.

"गिळल्यावर..." तो छातीवर हात ठेवत हळूच म्हणाला, "इथं काहीतरी होतं."

"त्याला मिठी म्हणतात आमच्याकडे."

"सगळ्यांनाच मारता?"

"व्हिस्की मारते, मिस्टर टॅकेट! मी नाही."

"तेच तर म्हणतोय. व्हिस्कीचं कौतुक आहे." पण त्याचे कान लाल झाले होते आणि ते त्या अंधुक उजेडातही लीटाला दिसले.

---

मंगळवारी आमोस गाडीतून उडी मारूनच उतरला. "बारा पिंपं, लीटा! स्टँपरबाई बारा घेतायत! माझ्या शब्दावर, न चाखता. तुझे वडील सही करायचे नाहीत आता."

लीटाला क्षणभर पळत जावंसं वाटलं, त्याच्याकडेच. "नाव?" तिनं विचारलं.

"ते... बाईंच्या हॉटेलांचं टाकायचं म्हणतायत. बर्डेट म्हटलं की लोकांना खालची फळी आठवते, म्हणाल्या. पण व्हिस्की तर हीच ना, बाटलीत!"

"म्हणजे दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या जागी स्टँपरबाई."

"लीटा, ऐक तरी..."

"तुम्ही ऐका. खालच्या फळीवर असलो तरी आमच्या नावानं असतो आम्ही. पणजीनं मडकं लपवलं, नाव नाही लपवलं. तुम्हाला आमची चव आवडते आणि आमची लाज वाटते, होय? मग पेट्रोल पंपावर जा!"

आमोसचा चेहरा पडला. टोपी हातात धरून तो गाडीकडे निघाला आणि काळ्या झाडांमधून गाडी दिसेनाशी होईपर्यंत लीटा ताठ उभी राहिली. मग तिथंच पायरीवर बसली.

वडील मागे येऊन उभे राहिले. "बारा पिंपं घालवलीस," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या पणजीनंही घालवली असती."

---

गुरुवारी दुपारी गाडी पुन्हा आली. लीटा गोदामाच्या दारातून हलली नाही.

"बाईंसमोर चार ग्लास ठेवले," आमोस दुरूनच सांगू लागला, जवळ यायला परवानगी नसल्यासारखा. "लेबल नाही, नाव नाही. दुसरा ग्लास त्यांनी पुन्हा भरून घेतला. रिकामा केला आणि म्हणाल्या, हीच पाहिजे. मग मी पिवळ्या लेबलची बाटली काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, हिला नाव आहे. नावासकट घ्या, नाहीतर दुसरा माणूस बघा."

"नोकरी पणाला लावलीत?"

"तू बारा पिंपं लावलीस. मी कुठं मागे राहू?"

"मग? काय म्हणाल्या?"

"शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, बर्डेट तर बर्डेट."

लीटाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान वरच होती.

"नाचू नका एवढ्यात," गोदामातून बाहेर येत हॉलिस म्हणाले. "आमची रीत आहे. जो पिंप काढून नेतो, त्यानं रिकाम्या जागी नवं भरलेलं पिंप स्वतः चढवायचं. पिंप आडवं राहतं; त्याच्या पोटावरचं बूच बरोबर माथ्यावर आलं पाहिजे. खाली आलं तर गळतं, नऊ वर्षं गळतं. ज्याला हे जमत नाही त्याला आम्ही विकत नाही."

लाकडी रुळांवरून पिंप ढकलत न्यायचं; ते गडगडत जाताना बूच गोल फिरतं. म्हणून सोडतानाच घड्याळाच्या काट्यासारखं ते नेमक्या आकड्यावर ठेवावं लागतं. आमोसनं अंतर डोळ्यांनी मोजलं, बूच दोनवर धरलं. चूक! लीटाला लगेच कळलं. जीभ चावून ती गप्प राहिली. नजरेनं सांगणं सोपं होतं, पण तसं चढलेलं पिंप तिला नको होतं... आणि तसा मिळालेला माणूसही.

पिंप गडगडत गेलं, थांबलं. बूच पार खाली. हॉलिस तेव्हा पाठ करून पुढची जागा झाडत होते. एक थेंब टपकला. आमोसनं आधी थेंबाकडे पाहिलं, मग त्या पाठीकडे.

"सर, चुकलं माझं. बूच खाली आलंय."

सव्वादोनशे किलोचं ते धूड त्यानं एकट्यानं मागे ओढून आणलं. शर्ट पाठीला चिकटला. मग वडिलांच्या देखतच तो लीटाकडे वळला.

"मला हे येत नाही. शिकवशील?"

असं सरळ विचारणारा पुरुष लीटानं या तालुक्यात तरी पाहिला नव्हता. ती पुढे आली. तिनं त्याचा हात धरून बुचावर ठेवला. "आठवर धर. आता सोड... हळू. त्याचं त्याला जाऊ दे."

पिंप गेलं. थांबलं. बूच माथ्यावर, अगदी बारावर!

हॉलिसनी वाकून पाहिलं. "उद्या कंपनीचा माणूस आला की त्याला कॉफी पाज आणि परत पाठव," ते लीटाला म्हणाले. "पहिल्या खेपेलाच कळलं होतं मला, आवाजावरून. हा सांगतो का, तेवढं बघत होतो."

आमोस घाम पुसत पिंपाकडे बघत होता. "हे आता नऊ वर्षांनी उघडायचं?"

"नऊ."

"मधून मधून बघायला आलं तर चालतं?"

"मधून मधून?" लीटानं भुवई उंचावली.

"रोज म्हणणार होतो... पण तुझे पपा ऐकतायत."

"ऐकतोय," हॉलिस म्हणाले आणि खडू पुढे केला. "ज्यानं चढवलं त्याचं नाव लिहा तोंडावर."

खडू लीटानं घेतला. पिंपाच्या गोल तोंडावर तिनं ठळक अक्षरांत लिहिलं: टॅकेट. हात क्षणभर थांबला. मग त्याच ओळीत, त्याच उंचीचं, तिनं शेजारी लिहिलं: बर्डेट.

"एका पिंपावर दोन नावं?" वडील म्हणाले. "असं नसतं आपल्यात, पोरी."

"आजपासून असतं," लीटा म्हणाली, आणि तिनं आपला खडूनं माखलेला हात आमोसच्या हातात दिला.