तरंगत्या बेटावरची गाठ

पेलिकनच्या घरट्याचा, पिल्लासकट, एक फोटो सोमवारपर्यंत जिल्ह्याच्या कचेरीत पोचायला हवा होता. नाहीतर डॅन्यूबच्या मुखाशी, आमच्या गावामागच्या बोरूच्या रानातून मोटरबोटींसाठी कालवा खणला जाणार होता. 'तिथे पक्षी घरटी करत नाहीत' असं कागदावर लिहिलं होतं. आम्ही म्हणत होतो, करतात! पण आमचं तोंडी, त्यांचं कागदी. म्हणून जूनमधल्या शनिवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. काठीनं होडी ढकलायला आर्तामोनमामा आणि कॅमेरा सांभाळायला मी, त्याची भाची फेव्रोनिया.

त्या रानात वाट लक्षात ठेवायची आमची रीत साधी आहे. दर वळणावर मूठभर बोरू एकत्र धरून शेंड्याला गाठ मारायची. मात्र आधी काठीनं मुळाशी ढोसायचं. काठी टणक तळाला टेकली तर खुशाल गाठ मारा. खचकन आरपार गेली तर ते नुसतं मुळांच्या गुंत्याचं बेट तरंगतंय, त्याच्या नादी लागू नका. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी नऊ वर्षं शहरात काढून आले होते. सातव्या वळणावर डासांनी असं फोडून काढलं, की मी ढोसलंच नाही.

"ढोसून बघितलंस ना गं?" मामानं विचारलं.

"बघितलं की!" मी ठोकून दिलं.

दहाच्या सुमारास वारा सुटला. पुढची वाट बुजलेली निघाली, म्हणून मागे फिरलो. सातवी गाठ दिसली, तिथे वळलो. समोर बोरूची भिंत! मागे वळून पाहतो तर मागेही भिंत! बेट गाठीसकट सरकलं होतं आणि आम्ही मध्ये कोंडलो होतो.

मामानं गाठीच्या मुळाशी काठी घातली. ती खचकन आरपार गेली.

"वा! एवढं शिकून आलीस आणि खुणेची गाठ तरंगत्या बेटाला? उद्या ढगाला मारशील!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

होडी रेटायला मामा बेटावर उतरला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला बेट फाटलं! मामा छातीपर्यंत आत. मग गळ्यापर्यंत! मी काठी आडवी टाकली. "धर, मामा!" त्यानं धरली. मी होडीत पालथी पडून ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मामा होडीत येऊन आदळला, दाढीत चिखल, हातात एकच बूट.

"दुसरा राहू दे," तो धापा टाकत म्हणाला. "माशांना लागेल."

तेवढ्यात बोरूपलीकडून घरघर ऐकू आली. पिल्लं! जेमतेम चाळीस पावलांवर!

"ऊठ, काढ फोटो!" मामा कुजबुजला.

उभं राहिलं असतं तर सगळं दिसलं असतं. पण वर तीन कुरव पक्षी घिरट्या घालत होते. मला बघून मोठे पेलिकन उडाले, की उघडी पिल्लं कुरवांच्या तोंडी जाणार. उरतील ती उन्हात भाजणार.

मी कॅमेरा खाली ठेवला. "नाही काढत."

"आणि सोमवार?"

"गेला खड्ड्यात सोमवार!" माझा आवाज रडवेला झाला होता.

मामानं पाव मोडून अर्धा मला दिला. टोमॅटो चोखत, घाम पुसत आम्ही होडीच्या तळाशी आडवे पडून राहिलो. उठून काठी मारायची सोय नव्हती.

चारच्या सुमारास वारा उलटला. बेट करकरलं. भिंतीला फट पडली, रुंदावत गेली. फटीच्या कडेला माझी ती गाठ आणि तिच्यामागे घरटं! पंख अर्धे पसरून आईनं सावली धरलेली, एका पिल्लानं तिच्या चोचीखालच्या झोळीत मान खुपसलेली. मी पडल्या पडल्या तीन फोटो काढले. एकही पक्षी हलला नाही. मग त्याच फटीतून, हातांनी पाणी मारत, आम्ही बाहेर पडलो.

सोमवारी कचेरीतल्या साहेबांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "घरटं आहे खरं. कालवा थांबवावा लागेल. पण कोपऱ्यातली ही गाठ कसली? तेवढा कोपरा कापून फोटो फाइलला लावतो."

"कापू नका, साहेब," विंचरलेल्या दाढीवरून हात फिरवत मामा म्हणाला. "ती आमच्या भाचीची चूक आहे. ती नसती, तर हा फोटोही नसता."