पिंजरेचे चार ठिपके

"बाय, उद्या सकाळी विठ्ठल पोलिसात जातलो. मगे शाळेची बस माझ्या हातात रवाची नाय."

म्हापशाला औषधाच्या दुकानाच्या माडीवर विनिता शेट्येची खासगी तपासाची कचेरी आहे. तिथे पार्से गावचा सर्वेश अंग चोरून बसला होता. पंधरा वर्षं तो मुलांना शाळेत नेतोय, पण बसच्या आरशालाही कधी ओरखडा नाही. आणि आता चुलतभाऊ विठ्ठलच्या टॅक्सीचे ब्रेक बिघडवल्याचा आळ त्याच्यावर आला होता.

"बिघडवलेत का?" विनिताने सरळच विचारलं.

"नाय बाय! दोन वर्सां आमी एकमेकांशी बोलणव नाय, ता खरा. पण म्हणून तेच्या जिवार उठतलंय?"

कोपऱ्यात विनिताचा मावसभाऊ प्रवीण टिपणं घेत होता. गाडी चालवायला आणि चुकीचा निष्कर्ष काढायला तो सदैव तयार. "न बोलणारे भाऊ," तो खुशीत म्हणाला, "मग आणखी काय हवं?"

"गाडीची किल्ली घे," विनिता म्हणाली.

टॅक्सी पार्शाला सगुण मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये उभी होती. बंपर चेपलेला, जाळीत गवत अडकलेलं. सोमवारी ती गवताच्या उडवीत घुसली, म्हणून तर आज मंगळवारी विठ्ठल धडधाकट उभा राहून भांडू शकत होता. तक्रारीचा कागद त्याच्या खिशात तयार होता.

"गुरुवारी सगुणदादान ब्रेक ऑइल बदलल्यान," तो म्हणाला. "ब्रेक कसो? दगड! तीन दिवस मोपाच्या विमानतळार फेऱ्यो मारलंय. सोमवारी उतारार गेलो ब्रेक. ऑइल भरलेला, गळती नाय. मगे हवा खंयसून शिरली? आयतारी हो माझ्या गाडयेखाली वाकलेलो, मी डोळ्यांनी बघलंय!" त्याचं बोट म्हापशाहून बरोबर आलेल्या सर्वेशकडे होतं.

"बाय, तेका सांगा," सर्वेश विनिताला म्हणाला, "माझी कोंबडी तेच्या गाडयेखाली अंडी घालता. ती काढी होतंय."

"बाय, तेका सांगा, कोंबडी तेची असली तरी गाडी माझी."

दोघे चार फुटांवर उभे होते आणि निरोप विनितामार्फत जात होते. तिला हसू आवरेना.

"ब्रेक जायच्या आधी काय झालं, विठ्ठलभाऊ?"

"आदी म्हस आडवी इली. नळाच्या कामाक रस्तो खणलेलो, सगळी खडी. जोरात दाबलंय. पायाखाली पेडल थरथरला, करकर वाजला, पण गाडी रवली. फुडल्या वळणार दाबलंय तर पाय थेट तळाक."

"असं थरथरलं होतं कधी?"

"नाय. पयल्यांदाच."

सगुण मेस्त्री साठीचा. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरली की ब्रेक लागत नाही आणि ती काढायला दोन माणसं लागतात, हे त्याने प्रवीणला समजावलं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी असलेला निपल सोडवायचा, की ऑइलबरोबर हवा बाहेर. पेडलवर त्याची बायको सुप्रिया बसते. "मी दाब म्हटलंय की दाबता, धर म्हटलंय की धरता. लग्नापासून तेवढाच काय ता माझा ऐकता."

विनिता बॅटरी घेऊन गाडीखाली शिरली. चारही निपलांवर लाल ठिपका होता. अर्धा निपलावर, अर्धा शेजारच्या लोखंडावर. सुकून कडक झालेला, कुठे तडा नाही.

"हे काय?"

"पिंजर." सुप्रियाने आपल्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. "वार्निशात कालवतत. काम झाला की देवाचा नाव घेवन लायतत."

"गुरुवारी काम सलग झालं?"

"होय," सगुण म्हणाला.

"नाय," सुप्रिया म्हणाली. "मधी पाववालो पोदेर इलो. भोंगो वाजलो की माका उठूकच होया, गरम पाव लगेच संपतत. ह्यांनी मागचो निपल उघडोच ठेवल्यानी, ऑइल आपसूक उतरांदे म्हणाले, नि चाय पियत बसले. मी परत येतंय तर ऑइलचो वरचो डबो कोरडो!"

"मगे भरून सगळी हवा परत काढलंय ना!" सगुण उसळला. "ब्रेक दगड झाल्याबिगर गाडी सोडूक नाय!"

"खरं आहे ते," विनिता म्हणाली. "पण एबीएसच्या गाडीची हवा याआधी कधी काढली होती?"

सगुणने पान्याकडे पाहिलं. "हीच पयली. आमी जिपेवाले."

"कळलं!" प्रवीण म्हणाला. "सर्वेशने निपल उघडला आणि नवी पिंजर लावली!"

विनिताने म्हापशाच्या ओळखीच्या मेकॅनिकला, ओंकारला, फोन केला आणि गाड्या तपासायचं मशीन घेऊन यायला सांगितलं.

चारच्या सुमाराला सगळे टॅक्सीभोवती जमले. विनिताने बॉनेट उघडलं.

"ठिपके ठिपक्यांच्या जागी, एकही तुटलेला नाही. नवे लावायचे तर आधी जुने खरवडावे लागतील, आणि ओरखडा एक नाही. म्हणजे गुरुवारनंतर निपल कोणी उघडला नाही. गळतीही नाही. मग हवा बाहेरून आलीच नाही. ती आतच होती."

"तीन दिवस?" विठ्ठल म्हणाला.

"तीन दिवस. हा ठोकळा एबीएसचा. चाक घसरायला लागलं की हा ब्रेक भराभर धरतो आणि सोडतो, तेव्हाच पेडल थरथरतं. एरवी त्याचे आतले कप्पे बंद. डबा कोरडा पडला तेव्हा उतरत्या ऑइलमागून हवा झिरपत या कप्प्यांत शिरली. सगुणदादांनी नळ्यांतली हवा काढली. कप्प्यांतली तशीच राहिली, कारण ते मशीनने उघडावे लागतात. पेडल मात्र दगड लागलं. मग खडीवर, म्हशीसाठी, कप्पे पहिल्यांदा उघडले आणि कोंडलेली हवा नळ्यांत आली."

"म्हणजे गुन्हेगार पोदेर!" प्रवीण म्हणाला.

सगुणचा चेहरा उतरला. "नाय रे. माझोच हात."

"जिपेला तीच रीत बरोबर होती, सगुणदादा," विनिता म्हणाली. तिला त्या म्हाताऱ्याची खरंच कणव आली.

"बोलणा सगळा," विठ्ठल पुटपुटला. "माका दाखवा."

ओंकारने मशीन जोडलं. "तूच बघ रे," सगुण विठ्ठलला म्हणाला. त्याने पाना त्याच्या हातात दिला. सुप्रिया ऑइलचा डबा घेऊन बॉनेटशी उभी राहिली, आणि पेडलवर विनिताने सर्वेशला बसवलं. ठोकळा घुर्र वाजला.

चाकाशी आडवा झालेला विठ्ठल म्हणाला, "बाय, तेका सांगा दाबूक."

"मी नाही सांगणार. तुमचा भाऊ आहे, तुम्हीच सांगा."

विठ्ठलने पाना निपलावर बसवला.

"सर्वेश," विठ्ठल म्हणाला. "दाब रे."

"दाबलंय."

पारदर्शक नळीतून बुडबुडे धावत आले. एकामागून एक, संपेचनात. विठ्ठल बघत राहिला. मग खिशातली तक्रार काढून त्याने तिला हाताचं ऑइल पुसलं.

"आयतारी अंडी किती गावली?" त्याने खालूनच विचारलं.

"दोन."

"एक माझा. गाडी माझी."

एवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. पों पों! सुप्रियाने पाय उचललाच.

"कोण जाग्यावरसून हलाचो नाय!" सगुण गरजला.

पाव आणायला प्रवीण धावला. आज पहिल्यांदाच तो बरोबर दिशेला गेला होता.

"सर्वेश, सोडू नको हां," खालून आवाज आला.

"धरलंय रे," वरून सर्वेश म्हणाला.